प्रकाशन आणि दर्शन : शोधयंत्रांस द्यावयाच्या सूचनांचा इतिहास

१. ग्रंथ प्रसिद्ध होणें ही एक गोष्ट व तो जिज्ञासूस सांपडणें ही दुसरी. या दोहोंमधील अंतर पोथ्यांच्या संग्राहकांस नवीन नाहीं. पोथ्यांचे रुमाल मठांत, वाड्यांत व शास्त्री-भिक्षुकांच्या घरीं पिढ्यान् पिढ्या सुखरूप होते. परंतु कोणत्या रुमालांत काय आहे हें मालकासहि पुष्कळदां ठाऊक नसे. थिओडोर आउफ्रेख्त या जर्मन पंडितानें 'कॅटॅलोगस कॅटॅलोगोरम' हा याद्यांच्या यादीचा ग्रंथ १८९१, १८९६ व १९०३ या सालीं तीन भागांत लाइप्त्सिग येथें छापविला. त्यायोगें एकहि नवी पोथी निर्माण झाली नाहीं. तरी संस्कृताच्या अभ्यासकांस अनेक ग्रंथ जणूं नव्यानेंच लाभले. पेशवे दफ्तराचेंहि तेंच. कागद पुण्यांतच होते. परंतु गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं १९३० ते १९३४ या काळांत निवडक कागदांचे ४५ खंड बाहेर पडेपर्यंत सामान्य अभ्यासकास ते असून नसल्यासारखे होते. तात्पर्य, लेखाचें अस्तित्व व लेखाचें दर्शन हीं परस्परांहून भिन्न असून दर्शनाची व्यवस्था स्वतंत्रपणें करावी लागते.

अलीकडे कित्येक संस्था व खाजगी संग्राहक आपल्या पोथ्यांच्या याद्या, कागदांच्या प्रतिमा व त्यांवरील टिपणें महाजालावर, म्हणजे इंटरनेटवर, ठेवूं लागले आहेत. त्यांजकडून दोन परस्परविरुद्ध तक्रारी ऐकूं येतात. एक अशी कीं, आम्हीं सर्व कांहीं मांडून ठेविलें, पण तें कोणास सांपडत नाहीं. दुसरी अशी कीं, जें आम्हांस चव्हाट्यावर आणावयाचें नव्हतें तेंच नेमकें शोधणाऱ्यापुढें प्रथम येतें. या दोन्ही तक्रारींचें मूळ एकच आहे. महाजालावर दर्शनाचे कांहीं नियम आहेत, त्या नियमांस इतिहास आहे, व तो इतिहास ठाऊक नसल्यामुळें नियमांचें खरें स्वरूप ध्यानांत येत नाहीं. तो येथें साधार व संक्षेपानें सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

२. महाजालाचा पाया घालणारांनीं आपलीं टिपणें प्रथमपासून खुलीं ठेविलीं, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. ७ एप्रिल १९६९ रोजीं स्टीव्ह क्रॉकर या अमेरिकन विद्यार्थ्यानें संगणकांच्या परस्पर संभाषणाविषयीं पहिलें 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स', म्हणजे अभिप्रायार्थ टिपण, लिहिलें. या टिपणांची माला अद्याप चालू असून तिचे अंक नऊ हजारांवर गेले आहेत, व ती कोणासहि विनामूल्य वाचतां येते. पुढें टिम बर्नर्स-ली यांनीं जिनीव्हानजीकच्या सर्न या संशोधनसंस्थेंत मार्च १९८९ मध्यें जी योजना मांडली तींतून 'वर्ल्ड वाइड वेब' जन्मास आलें. ३० एप्रिल १९९३ रोजीं सर्ननें त्याचे मूळ आज्ञासंच सर्वांच्या उपयोगासाठीं मोकळे केले. त्या दिवसापासून ज्याच्यापाशीं संगणक व तार आहे त्यास छापखान्यावांचून प्रकाशक होतां येऊं लागलें.

प्रकाशन सुलभ झालें तशी शोधाची अडचण वाढली. कॅनडांतील मॅक्गिल विद्यापीठांत ॲलन एम्टेज यांनीं १९९० सालीं 'आर्ची' नांवाची सोय केली होती. परंतु तींत केवळ फायलींच्या नांवांची यादी असे, आंतील मजकुराची नोंद नसे. जून १९९३ मध्यें अमेरिकेंतील एम. आय. टी. या विद्यापीठांत मॅथ्यू ग्रे यानें वेबचा विस्तार मोजण्याकरितां 'वाँडरर' नांवाचा आज्ञासंच रचिला. एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर, तेथून तिसऱ्यावर, असा तो आपोआप हिंडे. अशा यांत्रिक परिव्राजकांस पुढें 'रोबॉट', 'स्पायडर', 'क्रॉलर' अशीं नांवें पडलीं. आम्ही त्यांस येथें 'फिरस्ते' म्हणूं.

याच सुमारास मार्टिन कोस्टर या गृहस्थांनीं दुसरा मार्ग सुचविला. नोव्हेंबर १९९३ मध्यें त्यांनीं 'ॲलिवेब' नांवाची योजना जाहीर केली. तींत फिरस्त्याचें काम नव्हतें. प्रत्येक संकेतस्थळाच्या मालकानें आपल्यापाशीं काय आहे याची ठराविक नमुन्याची यादी स्वतः लिहून आपल्याच स्थळीं ठेवावी, व ॲलिवेबनें अशा याद्या गोळा करून एकत्र शोधण्याची सोय करावी, अशी ती व्यवस्था होती. तत्त्व उत्तम होतें. कारण आपल्या घरांत काय आहे हें घरधन्याहून दुसऱ्या कोणास अधिक कळणार? परंतु यादी लिहिण्याचे कष्ट फारच थोड्यांनीं घेतले. उलट २० एप्रिल १९९४ रोजीं वॉशिंग्टन विद्यापीठांतील ब्रायन पिंकर्टन यांचा 'वेबक्रॉलर' सुरू झाला. तो पानांतील झाडून सर्व शब्दांची सूचि करी. डिसेंबर १९९५ मध्यें 'अल्टाव्हिस्टा' आलें व १९९८ सालीं 'गूगल' कंपनी स्थापन झाली. मालकानें यादी द्यावी हा पक्ष मागें पडला, आणि यंत्रानें घरोघर हिंडून आपणच नोंद करावी हा पक्ष विजयी झाला. ज्यांनीं पोथ्यांच्या मालकांकडून याद्या मागविण्याचा उद्योग एकदां तरी केला आहे त्यांस या निकालाचें आश्चर्य वाटणार नाहीं.

३. फिरस्ते वाढले तसा त्यांचा उपद्रवहि वाढला. त्या काळचे संगणक मंदगति व तारा अरुंद. एखादा अविचारी फिरस्ता एकामागून एक अशीं शेंकडों पानें मागूं लागला म्हणजे माणसांस उत्तर देण्यास यंत्र मोकळें राहत नसे. कोस्टर त्या वेळीं इंग्लंडांतील नेक्सर नांवाच्या कंपनींत काम करीत असत. त्यांनीं फेब्रुवारी १९९४ मध्यें एक उपाय सुचविला, व फिरस्ते रचणाऱ्या मंडळींत चर्चा होऊन ३० जून १९९४ रोजीं तो लेखनिविष्ट झाला. उपाय अगदीं साधा होता. प्रत्येक संकेतस्थळाच्या मुळाशीं 'रोबॉट्स डॉट टीएक्सटी' या नांवाची एक लहानशी फाइल ठेवावी. तींत एका ओळींत फिरस्त्याचें नांव लिहावें, व त्याखालीं त्यानें कोणत्या भागांत जाऊं नये तें लिहावें. नांवाऐवजीं तारकाचिन्ह घातल्यास ती सूचना सर्वांस लागू. निषेधाच्या शब्दापुढें केवळ एक तिरपी रेघ असल्यास सर्व स्थळ वर्ज्य. पुढें कांहींच नसल्यास सर्व स्थळ मोकळें. एका रेघेचा हा फरक वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. नवें स्थळ रचून होईपर्यंत कारागीर ती रेघ घालून ठेवितात, व काम संपल्यावर ती काढण्याचें राहून जातें. मग मोठ्या समारंभानें प्रसिद्ध झालेला संग्रह महिनोन् महिने कोणासच कां दिसत नाहीं, याचें कोडें संस्थाचालकांस पडतें.

या मूळ लेखांत एक गोष्ट स्पष्टपणें नमूद होती. हा संकेत कोणत्याहि अधिकृत संस्थेनें घालून दिलेला नाहीं व तो पाळण्याची सक्ति करणारा कोणीहि नाहीं, असें तो लेखच सांगत होता. म्हणजे ही फाइल आज्ञापत्र नव्हे, कुलूप तर नव्हेच. ती दारावर लाविलेली विनंतीची पाटी आहे. सभ्य पाहुणा पाटी वाचून परत जातो; असभ्यास पाटीनें अडत नाहीं. आमच्या सर्व विवेचनाचें सार या एका वाक्यांत आहे, व पुढील इतिहासांत त्याचाच पडताळा ठायीं ठायीं येतो.

व्याकरणशास्त्राच्या अभ्यासकांस या नियमांचा पुढील विकास मनोरंजक वाटेल. १९९४ च्या लेखांत केवळ निषेध होते. १९९६ सालच्या मसुद्यांत कोस्टर यांनीं 'अलाऊ', म्हणजे अनुज्ञेचा शब्द, घातला. व दोन वचनांचा विरोध आल्यास जें आधीं लिहिलें असेल तें प्रमाण मानावें अशी योजना केली. परंतु सांप्रतच्या प्रमाणभूत नियमांत क्रमास महत्त्व नाहीं. जें वचन पत्त्याचा अधिक लांब भाग नेमका सांगतें तें बलवान्, व दोन्ही समबल असल्यास अनुज्ञा ग्राह्य, असें ठरलें आहे. सामान्य उत्सर्गास विशेष अपवाद बाधतो ही आपल्या वैयाकरणांची परिभाषा ज्यांच्या परिचयाची आहे त्यांस हा नियम शिकवावा लागणार नाहीं. सर्व 'संग्रह' वर्ज्य करून त्यांतील 'यादी' तेवढी मोकळी ठेवावयाची असल्यास या न्यायानें ती ठेवितां येते.

४. आतां अशा एका भेदाकडे वळूं कीं, जो न जाणल्यामुळें अनेक सुज्ञ माणसेंहि फसतात. फिरस्त्यास पान वाचूं न देणें हा प्रवेशनिषेध. पान वाचलें तरी शोधाच्या उत्तरांत दाखवूं नये असें सांगणें हा नोंदनिषेध. रोबॉट्स फाइल केवळ पहिल्या प्रकारचें काम करिते. दुसऱ्या प्रकारासाठीं १९९६ सालीं निराळी खूण निघाली. तिचें नांव 'नोइंडेक्स'. ती पानाच्याच शिरोभागीं अदृश्य रीतीनें लिहावयाची असते. प्रतिमा अथवा पीडीएफ यांच्या शिरोभागीं अशी खूण लिहितां येत नसल्यामुळें, तीच सूचना फाइल पाठवितांना तिच्या बाह्य वेष्टनांत देण्याची सोय गूगलनें जुलै २००७ मध्यें जाहीर केली. ज्यांच्या बहुतेक पोथ्या पीडीएफच्या रूपानें ठेविलेल्या असतात अशा संग्राहकांस ही माहिती विशेष उपयोगी आहे.

या दोन निषेधांचा संयोग झाला म्हणजे मात्र विपरीत घडतें. समजा, एका पानावर नोइंडेक्सची खूण आहे, व त्याच पानास रोबॉट्स फाइलींतहि निषेध आहे. मालकास वाटतें कीं आपण दुहेरी बंदोबस्त केला. परंतु फिरस्ता पाटी वाचून दारांतूनच परतल्यामुळें आंतील खूण त्याच्या दृष्टीसच पडत नाहीं. इतर कोणी त्या पानाचा दुवा आपल्या लेखांत दिलेला असल्यास शोधयंत्र तेवढ्या आधारावर पानाचा पत्ता उत्तरांत दाखवूं शकतें. मजकूर नाहीं, पण पत्ता व दुवा देणारानें वापरलेले शब्द दिसतात. म्हणून उत्तरांतून जें काढावयाचें आहे त्याचें दार उघडेंच ठेवावें लागतें, हा येथील चमत्कारिक परंतु खरा नियम आहे. पूर्वीं कांहीं लोक नोइंडेक्सचा शब्द रोबॉट्स फाइलींतच लिहीत, व गूगलचा फिरस्ता तो मानीहि. परंतु हा प्रकार कोणत्याहि लिखित संकेतांत नसल्यामुळें १ सप्टेंबर २०१९ पासून गूगलनें तो मानणें सोडून दिलें.

५. निषेधाप्रमाणें आवाहनाचेहि नियम झाले. जून २००५ मध्यें गूगलनें 'साइटमॅप' ही पद्धति काढिली, व नोव्हेंबर २००६ मध्यें याहू व मायक्रोसॉफ्ट यांनीं तीस मान्यता दिली. साइटमॅप म्हणजे मालकानें आपल्या पानांच्या पत्त्यांची केलेली यादी. एका फाइलींत जास्तींत जास्त ५०,००० पत्ते. मोठा संग्रह असल्यास अशा अनेक फाइली करून त्यांची पुनः एक सूचि करितां येते. १९९३ सालीं ॲलिवेबच्या रूपानें जो पक्ष हरला होता तोच येथें फिरस्त्याचा साहाय्यक होऊन परत आला. ज्या पानांकडे दुसऱ्या पानावरून दुवा जात नाहीं व जीं केवळ शोधपेटींत शब्द टाकल्यावरच उघडतात, तीं फिरस्त्यास स्वतः होऊन सांपडत नाहींत. आमच्याकडील बहुतेक पोथ्यांच्या याद्या नेमक्या अशाच रीतीनें ठेविलेल्या असतात. त्यांस साइटमॅप जोडणें अगत्याचें आहे.

दुसरी सूचना पाठभेदांविषयीं आहे. एकच मजकूर अनेक पत्त्यांवर असला म्हणजे कोणती प्रत मूळ मानावी हा प्रश्न यंत्रासहि पडतो. फेब्रुवारी २००९ मध्यें गूगल, याहू व मायक्रोसॉफ्ट यांनीं एकत्र येऊन 'कॅनॉनिकल' ही खूण मान्य केली. एप्रिल २०१२ मध्यें तिजवर अभिप्रायार्थ टिपणहि निघालें. प्रत्येक दुय्यम प्रतीवर 'माझी प्रमाण प्रत अमुक पत्त्यावर आहे' असें या खुणेनें लिहितां येतें. 'पायथन' या संगणकभाषेच्या अधिकृत माहितीपुस्तकाच्या अनेक आवृत्त्या एकाच वेळीं महाजालावर आहेत. जुन्या आवृत्ति नष्ट न करतां त्यांनीं चालू आवृत्तीकडे बोट दाखवावें, म्हणजे शोधणारा तेथेंच पोंचेल, अशी तेथें व्यवस्था आहे. जुनें पुसून टाकावयाचें नाहीं, परंतु नवख्यास चुकीच्या प्रतीवर पाठवावयाचेंहि नाहीं. ही मर्यादा आमच्या संपादकांनीं अनुकरण करण्याजोगी आहे. ज्यांची सुधारलेली यादी प्रसिद्ध झाली असतां शोधणारास जुनी सदोष यादीच प्रथम दिसते, त्यांस यांत उत्तर सांपडेल.

तथापि एवढ्यानें दर्शन होईलच असें नाहीं. यंत्र शब्दांवर चालतें. मोडी कागदाची नुसती प्रतिमा ठेविली तर सामान्य शोधयंत्रास तिजमधून शोधण्याजोगा शब्द मिळत नाहीं. मोडी लिपीस युनिकोड या सार्वत्रिक वर्णमालेंत २०१४ सालीं स्थान मिळालें आहे. परंतु संग्रहांतील कागद अद्याप चित्ररूपानेंच आहेत. शिवाय महाजालावरील अनेक जुन्या मराठी ग्रंथांचीं नांवें रोमन लिपींत व तींहि अशुद्ध नोंदलेलीं असल्यामुळें ते ग्रंथ तेथें असून नाहींत. प्रत्येक प्रतिमेस देवनागरींत शीर्षक, कर्त्याचें नांव, शक, स्थळ व दोन ओळींचें वर्णन जोडणें हें दर्शनाचें खरें मूल्य आहे. तें न देतां शोधयंत्रास दोष देण्यांत अर्थ नाहीं.

६. या सूचनांनीं इतिहासाचें साधन कसें झांकलें जाऊं शकतें याचीं दोन उदाहरणें देतों. ऑक्टोबर २००३ मध्यें अमेरिकेच्या अध्यक्षांच्या व्हाइट हाउस या संकेतस्थळाच्या रोबॉट्स फाइलींत 'इराक' हा शब्द असलेले पुष्कळ निषेध आढळले, व सरकार आपले पूर्वींचे उद्गार लपवूं पाहतें असा गवगवा झाला. त्याच मजकुराच्या दुहेरी प्रती शोधांत येऊं नयेत एवढाच हेतु होता, असें उत्तर देण्यांत आलें. हेतु कोणताहि असो. लपविण्यासाठीं असलेली म्हणून समजली जाणारी फाइल स्वतः कोणासहि वाचतां येते, व काय झांकलें आहे याची ती यादीच होऊन बसते, हें त्या प्रसंगीं जगास दिसलें.

दुसरें उदाहरण अधिक गंभीर आहे. नोव्हेंबर २०१३ मध्यें 'कॉम्प्युटर वीकली' या पत्रानें असें उजेडांत आणिलें कीं, ब्रिटनच्या हुजूर पक्षानें २००० ते २०१० या काळांतील आपलीं भाषणें आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकिलीं व सोबत रोबॉट्स फाइलींत निषेधहि लिहिला. ब्रूस्टर काल यांनीं १९९६ सालीं स्थापिलेली 'इंटरनेट आर्काइव्ह' ही संस्था महाजालाच्या जुन्या प्रतींचा संग्रह करिते. तिचा तेव्हांचा नियम असा होता कीं, मालकानें आज निषेध लिहिला तर पूर्वीं घेतलेल्या प्रतीहि दाखवावयाच्या नाहींत. त्यामुळें आज लिहिलेल्या एका ओळीनें मागील दहा वर्षांचीं साधनें तेथील वाचकांच्या दृष्टीआड झालीं. ब्रिटिश लायब्ररीच्या स्वतंत्र संग्रहांत प्रती होत्या म्हणून सर्वनाश टळला. डिसेंबर २०१६ मध्यें आर्काइव्हनें अमेरिकन सरकारी स्थळांच्या बाबतींत या फाइलीचा विचार करणें सोडलें होतें. एप्रिल २०१७ मध्यें तिनें आपली भूमिका प्रसिद्ध केली कीं, शोधयंत्रांसाठीं लिहिलेले निषेध पुराभिलेखाच्या कार्यास लागू पडत नाहींत. एकाच पोथीच्या दोन प्रती दोन गांवीं असाव्यात, या आमच्या वाडवडिलांच्या रीतीचें समर्थन यापेक्षां अधिक कोणतें हवें ?

७. मूळ लेख कायम, केवळ सूचींतील नोंद काढणें, या तिसऱ्या मार्गावर न्यायालयाची मुद्रा १३ मे २०१४ रोजीं उमटली. स्पेनमधील एका गृहस्थाच्या कर्जवसुलीच्या लिलावाच्या जाहिराती १९९८ सालीं 'ला व्हँगार्डिया' या वृत्तपत्रांत आल्या होत्या. पत्राचे जुने अंक महाजालावर आल्यावर त्या गृहस्थाचें नांव शोधतांच त्या जाहिराती पुढें येऊं लागल्या. युरोपीय न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, वृत्तपत्रांतील मजकूर तेथेंच राहिला तरी, नांवावरून शोध करितां तो दाखविणारा दुवा काढण्यास शोधयंत्राच्या चालकास कांहीं परिस्थितींत सांगतां येतें. संशोधकांच्या दृष्टीनें याचा अर्थ स्पष्ट आहे. दफ्तर शाबूत राहतें, सूचि मात्र तोकडी होते. ज्यास मूळ अंक चाळण्याचा अभ्यास आहे त्याचें कांहीं जात नाहीं. जो सूचीवरच विसंबला त्यास ती गोष्ट घडलीच नव्हती असें वाटेल. शोधयंत्रांत सांपडलें नाहीं म्हणून साधन नाहीं, असा अभाव सिद्ध करण्याची घाई आमच्या तरुण अभ्यासकांनीं करूं नये.

८. अठ्ठावीस वर्षें केवळ शिष्टाचार म्हणून चाललेल्या रोबॉट्सच्या संकेतास सप्टेंबर २०२२ मध्यें प्रमाणग्रंथाची प्रतिष्ठा मिळाली. अभिप्रायार्थ टिपणांच्या मालेंतील ९३०९ क्रमांकाचें टिपण तें हेंच. त्याच्या लेखकांत मार्टिन कोस्टर आहेत व इतर तिघे गूगलचे आहेत. या टिपणांतहि स्वच्छ सांगितलें आहे कीं, हे नियम म्हणजे प्रवेशाच्या अधिकाराची व्यवस्था नव्हे. व फाइलींत एखादा पत्ता लिहिणें म्हणजे तो उघड करणेंच होय. म्हणजे १९९४ सालचें तत्त्व २०२२ सालींहि तेंच राहिलें.

त्यानंतर लगेच या विनंतीची नवी कसोटी सुरू झाली. मजकूर वाचून त्यावरून स्वतः उत्तरें रचणारीं यंत्रें निघालीं, व त्यांच्या शिक्षणासाठीं मजकूर गोळा करणारे फिरस्ते हिंडूं लागले. ऑगस्ट २०२३ मध्यें ओपनएआय कंपनीनें 'जीपीटीबॉट' हें आपल्या फिरस्त्याचें नांव जाहीर केलें, व सप्टेंबरमध्यें गूगलनें 'गूगल-एक्स्टेंडेड' ही संज्ञा दिली. रोबॉट्स फाइलींत या नांवांपुढें निषेध लिहून 'शोधांत दाखवा, परंतु यंत्रशिक्षणास वापरूं नका' असें सांगतां येतें. पूर्वींचा फिरस्ता मजकूर नेई व मोबदल्यांत वाचक पाठवी; नवा फिरस्ता वाचक पाठवीलच असें नाहीं. या व्यवहारांत कोणास काय द्यावें हें प्रत्येक संग्राहकानें आपल्या हेतूप्रमाणें ठरवावें. मात्र सांगणें व पाळलें जाणें यांतील अंतर येथेंहि पूर्वींइतकेंच आहे.

९. या इतिहासावरून संग्राहकांनीं आपल्या सामग्रीचे तीन रुमाल बांधावे, असें आम्हांस वाटतें. पहिल्या रुमालांत जें गुप्त राहिलेंच पाहिजे तें : पोथी कोणाच्या घरीं आहे तो पत्ता, मालकाशीं झालेला खाजगी पत्रव्यवहार, ज्या कुटुंबानें विश्वासानें कागद पाहूं दिले परंतु प्रसिद्धीस संमति दिली नाहीं त्यांचे कागद. हा रुमाल महाजालावर ठेवूंच नये. ठेवणें भागच असल्यास परवलीच्या शब्दावांचून उघडणार नाहीं अशा जागीं ठेवावा. पत्ता कोणास सांगितला नाहीं म्हणजे पान गुप्त राहिलें, ही समजूत सर्वस्वी भ्रामक आहे. एकदां कोणीं दुवा दिला कीं फिरस्ता तेथें पोंचलाच. चुकून आलेली नोंद मालकाच्या विनंतीवरून गूगल सुमारे ६ महिने दडवितें. तेवढ्या अवधींत मूळ पान काढलें नाहीं अथवा त्यास कुलूप घातलें नाहीं तर ती पुनः वर येते.

दुसऱ्या रुमालांत जें कोणीं पाहिल्यास हरकत नाहीं, परंतु शोधांत प्रथम येऊं नये तें : कच्चीं वाचनें, अपुऱ्या याद्या, संपादकांचीं आपसांतील टिपणें. त्यांवर नोइंडेक्सची खूण करावी, दार उघडें ठेवावें, व पक्की प्रत तयार होतांच ती खूण काढावी. तिसऱ्या रुमालांत जें लोकांस मिळावें म्हणूनच आपण सर्व खटाटोप केला तें : पक्की यादी, शुद्ध पाठ, प्रतिमांचें वर्णन. त्यास साइटमॅप द्यावा, एक स्थिर पत्ता द्यावा, दुय्यम प्रतींवर प्रमाण प्रतीची खूण करावी, देवनागरींत सविस्तर वर्णन लिहावें, व एक प्रत दुसऱ्या विश्वासू संस्थेंत ठेवावी.

ही विभागणी यंत्र करूं शकत नाहीं, व संगणकाचा कारागीरहि करूं शकत नाहीं; कारण कोणता कागद कोणत्या अटीवर मिळाला हें त्यास ठाऊक नसतें. तें ज्यास ठाऊक आहे त्यानेंच ती प्रसिद्धीपूर्वीं केली पाहिजे. ज्या घरांनीं आमच्यावर विश्वास टाकून पिढीजाद रुमाल सोडले, त्यांचा विश्वास एका गैरसमजानें मोडला तर पुढील दहा घरांचीं दारें संशोधकास बंद होतील. उलट भीतीनें सर्वच झांकून ठेविलें तर कसर व वाळवी यांस जें साधलें नाहीं तें आमच्या हातून होईल. या दोन अनर्थांमधून जाणारी वाट वर दाखविली आहे. तिजमध्यें कांहीं न्यून असल्यास जाणत्यांनीं तें दाखवून द्यावें, व ज्यांच्यापाशीं अशा व्यवस्थेचा प्रत्यक्ष अनुभव असेल त्यांनीं तो या त्रैमासिकांत प्रसिद्ध करावा, अशी विनंती करून हा लेख पुरा करितों. इत्यलम्.